हडंब्याच्या तोंडावर

पुण्याच्या एका मैत्रिणीला मी एकदा हडंबा हा शब्द सांगितला, तर ती हसतच सुटली. तिला वाटलं, जाडजूड माणसाला चिडवायचं नाव असेल. आमच्याकडे सोयाबीन काढायच्या मळणीयंत्राला हडंबा म्हणतात. तो ट्रॅक्टरला जोडतात. एका बाजूने त्याच्या तोंडात सोयाबीनच्या वाळलेल्या झाडांचे कवळेच्या कवळे कोंबायचे, आत दातेरी ढोल फिरत असतो, खालून दाणे पडतात आणि मागून कुटार उडतं, म्हणजे भुसा. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत तेल्हाऱ्याच्या आसपास कोणत्याही गावात जा, सकाळपासून हा घरघराट कानावर येतो. ज्याची सोयाबीन अजून सुडीतच, म्हणजे शेतातल्या गंजीत, रचून ठेवलेली आहे, त्याला तो आवाज ऐकून घास गोड लागत नाही. त्यात आभाळ भरून आलं की सगळ्या गावाला एकाच दिवशी हडंबा हवा असतो.

माझा धाकटा भाऊ या हडंब्याच्या तोंडावर उभा राहायचा.

त्याआधी त्याने पोलीस भरतीसाठी दोन वर्षं घासली. पहाटे गावच्या रस्त्यावर पोरांसोबत पळायचा, भिजवलेले चणे खायचा, दाराच्या चौकटीला लोंबकळायचा. धावण्यात तो कधी मागे नव्हता. पण छाती फुगवल्यावर पाच सेंटीमीटर वाढायला लागते, त्याची चारच वाढायची. दोन्ही वेळा तेवढ्यावरूनच बाहेर काढलं. एका सेंटीमीटरसाठी माणूस घरी बसतो, हे गावाला फार गमतीचं वाटलं. पारावर बसलेली माणसं त्याला पाहून मोठ्ठा श्वास घ्यायची आणि छाती धरून ठेवायची. त्यालाही हसावं लागायचं, कारण हसला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग तो हडंब्याच्या टोळीत गेला. पाच जणांची टोळी, एक ट्रॅक्टर चालवणारा आणि बाकीचे सुडीवरून कवळे देणारे, पोती भरणारे. या सगळ्यांत तोंडावरचा गडी मोठा. लोक त्याचं नाव घेऊन बोलवायचे, चहा आधी त्याला द्यायचे. भरतीच्या मैदानावर जे मिळालं नाही ते त्याला इथं दोन आठवड्यांत मिळालं.

टोळीची एक पद्धत होती. चालू हडंबा बंद करायला लावायचा नाही. तोंडात माल अटकला तरी नाही. ज्याने हात वर करून ट्रॅक्टर बंद करायला लावला, त्याने ती सुडी संपेपर्यंत बायांमध्ये जाऊन बसायचं, डोक्यावर दुपट्टा घेऊन, आणि त्यांच्यासोबत सांडलेल्या दाण्यांचा सरवा वेचायचा. मला वाटतं, या नियमाला कधीतरी अर्थ असेल. आभाळ भरून आलेलं, पाच घरं वाट पाहतायत, अशात दर घडीला मशीन थांबवणं परवडत नसेल. पण अर्थ कधीच सांडून गेला होता आणि उरली होती फक्त टिंगल. पोरं अटकलेला माल हाताने ओढायची, नाहीतर पायाने आत लोटायची. वरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरायचा, एक पाय उचलायचा आणि टाचेने दणका द्यायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते तीन वर्षांपूर्वी. मी अमरावतीला राजापेठेत क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दसऱ्याच्या सुटीत माहेरी गेले होते आणि त्याच दिवशी आमच्या सुडीचा नंबर लागला. सुडीचा खालचा थर ओला होता. ओला माल तोंडात चेंगरून बसला आणि ढोलाचा आवाज जड झाला. भावाने दांडा धरला, पाय उचलला. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा पाय घोट्यापर्यंत आत दिसेनासा झाला आणि परत आला. सगळं मिळून एका श्वासाएवढा वेळ. ढोल पुन्हा मोकळा फिरायला लागला, सुडीवरच्या पोराने शीळ घातली. बाबा पोत्यांजवळ उभे होते. त्यांचा चेहरा मला ओळखता येतो. त्यांना बरं वाटलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी तो हातपाय धुऊन ओट्यावर बसला तेव्हा मी त्याच्यासमोर फिजिक्स उघडलं. ढोल एका सेकंदात किती वेळा फिरतो, पाय अडकला हे डोक्याला कळून पाय मागे यायला किती वेळ लागतो, तेवढ्यात दाते किती वेळा येऊन जातात, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, गणित बरोबर आहे, पण हडंबा काही बारावीच्या पेपरात येत नाही.

मी चिडून विचारलं, मशीनची भीती वाटत नाही का तुला?

"लागते न," तो म्हणाला. "कोनाले नाही लागत? पन मशीन हासत नाही, ताई. लोक हासतात."

आमच्या क्लाससमोरच्या रस्त्यावर संध्याकाळी पोरं गाडीचं पुढचं चाक उचलून दाखवतात, तेही नेमकं मुलींची बॅच सुटायच्या वेळी. मी कितीदा पाहिलं आहे, एकटा पोरगा रिकाम्या रस्त्यावर कधी चाक उचलत नाही. बघणारे नसतील तर तो आपला सरळ, दोन्ही चाकांवर, हळूच घरी जातो. आपण म्हणतो पोरांना मरणाची भीती नाही. भीती भरपूर असते, फक्त तिच्यापेक्षा मोठी दुसरी भीती शेजारी उभी असते. माझी आई जन्मभर भल्या पहाटे अंधारात साप-विंचवाच्या रानातून कापूस वेचायला गेली, तिला कोणी शूर म्हटलं नाही आणि भित्रीही म्हटलं नाही. ती तिकडे जाते की नाही हे पाहायला कोणी बसलंच नव्हतं. त्यामुळे तिला ज्या दिवशी भीती वाटली त्या दिवशी ती सरळ कंदील घेऊन गेली, किंवा उजाडेपर्यंत थांबली. पोरांना ती सोय नसते.

हे शहाणपण तेव्हा मला सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त हट्ट धरला. उद्या काकांची सुडी आहे, तीही खालून ओली आहे, माल अटकला तर तू हात वर करायचा. तो नाही नाही म्हणत राहिला. शेवटी जेवताना म्हणाला, "करीन. पन तू बसजो तिथं बायांमधी. तू असली म्हंजे मले तेवढं नाही वाटनार."

मी म्हटलं, बसते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच काकांच्या वावरात गेले आणि सरवा वेचणाऱ्या बायांमध्ये मांडी घालून बसले. सात-आठ बाया होत्या, सगळ्या ओळखीच्या. त्यांना माझं फार कौतुक वाटलं, शहरातली मास्तरीण मातीत बसली म्हणून. दुपारी माल अटकला. ढोल घोगरा झाला. मी भावाकडे पाहिलं. त्याने दांडा धरला, सवयीने पाय थोडा उचलला, आणि मग पाय खाली ठेवून हात वर केला.

ट्रॅक्टर बंद झाल्यावर वावर एकदम शांत झालं. दूरच्या रस्त्यावरची बस ऐकू आली. मग टोळीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि त्याने स्वतःच्या गळ्यातला, घाम पुसायचा फुलाफुलांचा दुपट्टा काढून भावाच्या हातात दिला. भाऊ आमच्याकडे चालत आला. कान लाल झाले होते, पण चाल सरळ होती. भरतीच्या मैदानावर त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तो तिथंही असाच चालत असेल. तो माझ्या शेजारी बसला आणि डोक्यावर दुपट्टा घेतला.

बायांमधल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीने त्याच्या हनुवटीला हात लावला, तोंड वळवून नीट पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कोन्या गावची व तू, सूनबाई?"

सगळ्या बाया हसल्या आणि मीही हसले.

मी खोटं लिहिणार नाही. ओठांतल्या ओठांत नाही, खदाखदा हसले. डोळ्यांतून पाणी आलं. आजीचा चेहराच तसा होता, त्याच्या मिशांवर तो फुलाफुलांचा दुपट्टा तसा होता, आणि कालपासून छातीवर जे दडपण होतं ते त्या हसण्यातून बाहेर पडलं. मी त्याच्या बाजूने बसायला आले होते, हे मला हसताना आठवलंच नाही. हसू संपल्यावर त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त पाहून घेत होता, आणि मग मान खाली घालून दाणे वेचायला लागला.

संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, हसण्यासारखंच होतं ते, त्यात काय एवढं. त्याने मला हसून चहाही करून दिला. मी स्वतःची समजूत घातली की त्याने मनावर घेतलं नाही. समजूत घालायला मी फार हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होणार होते म्हणून मी सकाळच्या बसने निघाले. बस दर्यापूरला थांबली तेव्हा काकांचा फोन आला. त्यांच्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते. तिसऱ्याच कोणाच्या तरी शेतात माल अटकला, भावाने पाय दिला आणि या वेळी पाय लवकर परत आला नाही. त्याला गाडीत घालून अकोल्याला नेत होते. मी दर्यापूरलाच उतरले आणि अकोल्याची गाडी धरली. त्या गाडीत मी काय विचार केला हे मला आठवत नाही. एकच आठवतं, शेजारच्या बाईने दोनदा विचारलं की तब्येत बरी नाही का, आणि मी दोन्ही वेळा बरी आहे म्हणाले.

डॉक्टरांनी टाच वाचवली. पुढचा भाग गेला, चार बोटं आणि त्यांच्यामागचा थोडा पाय. करंगळी राहिली. तो दोन आठवडे दवाखान्यात होता आणि रोज गावाकडून माणसं येत होती. टोळीतली पोरं पहिल्याच दिवशी आली. ती फार घाबरलेली होती. कोणाला काय बोलावं सुचेना, तेव्हा ट्रॅक्टरवाला बाबांना म्हणाला, "लय हिंमतीचा हाय, काका. एक डावही वरडला नाही."

बाकीच्यांनी ते उचलून धरलं. एक डावही नाही. दात खाऊन गप्प उभा होता. आपण असतो तर गाव गोळा केलं असतं. बाबांनी मान हलवली. आईने डोळे पुसले आणि मी पाहिलं, तिची मान थोडी ताठ झाली. खाटेवर भावाने डोळे मिटून घेतले होते, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. ज्याच्यासाठी त्याने पाय दिला ते निदान त्याला मिळालं, असा तो विचार होता. असा विचार आपल्याला येऊ शकतो याची मला आजही लाज वाटते.

पुढे दवाखान्यात जो येईल त्याला आई ही गोष्ट सांगायची. आधी पायाचं सांगायची, मग रडायची, मग म्हणायची, पण एक डावही वरडला नाही माहा लेक. रडणं थांबवायला तिला तेवढाच आधार होता. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्या हळहळल्या, आणि मी माझ्याच कानांनी मला म्हणताना ऐकलं, हो, खूप धीराचा आहे, एकदाही ओरडला नाही तो.

मी फोन ठेवून वळले तर भाऊ जागा होता. दुपारची वेळ होती, आई-बाबा खालच्या खानावळीत जेवायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच.

"वरडलो होतो, ताई," तो म्हणाला. "लय वरडलो. हडंब्याच्या आवाजात कोनाले आयकूच नाही आलं."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, कोणाला सांगू नको. मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि नाही सांगितलं. तीन वर्षं. तो घरी आला, काठी घेऊन चालायला शिकला, मग काठी सोडली. आता तेल्हाऱ्याला एका कृषी केंद्राच्या दुकानात बसतो. त्याचं लग्नही झालं. आमच्याकडे धडधाकट, शेत असलेल्या पोरांना मुली मिळत नाहीत, आणि याला मिळाली. पाहायला आलेल्या माणसांना बाबांनी पायाचं काही लपवलं नाही, सोबत न ओरडल्याचंही सांगितलं. मुलीचे वडील म्हणाले, असा जावई पाहिजे. मी चहाचे कप गोळा करत होते. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे.

टोळीची पद्धत बदलली असेल असं वाटलं होतं. मुळीच नाही. त्या वर्षी काही दिवस हडंबा बंद राहिला, पुढच्या वर्षी दुसरा गडी तोंडावर आला.

यंदा दसऱ्याला मी गावी गेले तेव्हा तोंडावर विशीतला एक नवा पोरगा होता, आमच्याच शेजारच्या घरातला. पारावर ट्रॅक्टरवाला त्याला शिकवत होता आणि मी किराणा घेऊन जाताना ऐकलं. तो माझ्या भावाची गोष्ट सांगत होता. पाय गेला, पण एक डावही वरडला नाही, याले म्हंते गडी. पोरगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

घरी येऊन मी भावाला म्हटलं, तुझी गोष्ट ते त्या पोराला पाजतायत. आता तू सांग, नाहीतर मी सांगते. तो जेवत होता. हातातला भाकरीचा तुकडा त्याने परत ताटात ठेवला. मला माहीत होतं मी काय मागत होते. त्या गोष्टीवर त्याचं लग्न उभं होतं, बाबांची मान उभी होती, आई उभी होती. पोलीस भरतीनंतर त्याला गावाने दिलेली ती एकच वस्तू होती. तो हात धुऊन उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातून परस्पर शेतावर आला. आमचीच सुडी चालू होती. मी आणि आई पाण्याचे माठ घेऊन बांधावर उभ्या होतो. तो त्याच्या खास बनवलेल्या बुटात ढेकळांवरून हळूहळू चालत ट्रॅक्टरपर्यंत गेला आणि काहीतरी बोलला. ट्रॅक्टरवाल्याने कानाला हात लावला. तो पुन्हा बोलला. ट्रॅक्टरवाल्याने नकारार्थी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा भावाने हात वर केला.

हडंबा बंद झाला. पोरांना वाटलं काही तुटलं असेल, सगळी जवळ आली. भाऊ त्या तोंडावरच्या पोराकडे पाहून म्हणाला, "मी वरडलो होतो बे. मायले हाका मारल्या. यायले आयकू गेलं नाही, म्हनून यायले वाटते मी गप्प होतो."

कोणी शीळ घातली नाही. पोराने ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरवाल्याने आभाळाकडे. मग त्यानेच भावाला विचारलं, चालू करू काय? भाऊ म्हणाला, मला नको विचारू, तोंडावर हा आहे, याला विचार.

पोरगा काय म्हणाला ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात आईने माझा दंड धरला होता. तिची नजर अजून भावावरच होती.

"तुले माईत होतं?"

मी हो म्हणाले.

"मंग मले काहून सांगू देलं सगळ्याइले?"

आईने माठ खाली ठेवला आणि ती त्याच्याकडे चालायला लागली.